करार संपतो त्या दिवशी

मोहिमेवरून परतलेल्या मदत कर्मचाऱ्याला शेवटच्या दिवशी मुख्य कार्यालयात एक कागद पुरा करून द्यावा लागतो. लॅपटॉप जमा, सॅटेलाइट फोन जमा, ओळखपत्र जमा, उचल घेतलेल्या पैशांचा हिशेब पूर्ण, प्रवासाच्या पावत्या जोडल्या, अंतिम अहवाल दिला. प्रत्येक ओळीपुढे कुणाची ना कुणाची सही लागते. माझ्या ओळखीच्या एका नर्सने तिचा असा कागद मला दाखवला होता. त्यातली सर्वांत खालची ओळ अशी: 'समुपदेशनाच्या सोयीची माहिती दिली.' पुढे बरोबरची खूण. मी विचारलं, कुणी दिली माहिती? ती म्हणाली, "हिशेब विभागातल्या बाईंनी. पावत्या मोजता मोजता."

लॅपटॉपपुढे 'जमा करण्याच्या सोयीची माहिती दिली' असं कुठलीच संस्था लिहीत नाही. तो हातात घेतला जातो, चालू करून पाहिला जातो, चार्जर आहे ना ते बघितलं जातं, मग सही होते. माणसाच्या बाबतीत मात्र माहिती दिली की काम झालं. यात त्या संस्थेची काही बदमाशी होती असं मला वाटत नाही. संस्था बरी होती, माणसं चांगली होती, हिशेबाच्या बाईही प्रेमळ असतील. तरी कागद असा होता, कारण घरी परतल्यावरचं दुखणं हे ज्याचं त्याचं, असं सगळ्यांनी मुकाट्याने धरून चाललं होतं. दुखणाऱ्यानेसुद्धा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मदतकार्यातून घरी आलेल्याचं मानसिक दुखणं हा त्या कामाचाच खर्च आहे, आणि तो कुणी उचलायचा हे कराराच्या शेवटच्या तारखेवरून ठरता कामा नये.

ती नर्स सात महिने एका पोषण केंद्रात होती. तिथे मुलांचा दंड मोजायला एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची आणि आकडा वाचायचा. ११५ मिलिमीटरच्या आत आला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११५ ते १२५ पिवळा. त्याच्या वर हिरवा. काम पाच मिनिटांत शिकता येतं. पण खाटा मोजक्या असतात, आणि ११६ वर थांबलेल्या मुलाच्या आईला 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगून परत पाठवायचं असतं. घरी आल्यावर बहिणीच्या मुलीला कडेवर घेताना या नर्सची बोटं आपोआप त्या चिमुकल्या दंडाभोवती जायची. मुलगी गुटगुटीत. पट्टी लावली असती तर हिरव्याच्याही पुढे गेली असती. हे ती हसत सांगायची. पुढचं हसत सांगत नसे: दोन-तीन महिन्यांनी तिने भाचीला उचलून घेणंच सोडलं. बहिणीला वाटलं, जग बघून आली, आता हिला आपण नकोसे झालो.

तिला रात्री किंचाळून जाग येत नव्हती, फटाक्यांना ती दचकत नव्हती. त्यामुळे आपल्याला काही झालंय हे तिच्याही ध्यानात आलं नाही. आघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॉम्ब, अपहरण, रक्त येतं. ते असतंच. पण परतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं यापेक्षा बारीक असतं, आणि ते उशिरा बोलतं.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत मला महत्त्वाचा वाटतो. १९ संस्थांमधल्या, परदेशी मोहिमांवर जाणाऱ्या २१२ जणांना त्यात तीन वेळा तपासलं होतं: जाण्यापूर्वी, परतल्यावर, आणि नंतर तीन ते सहा महिन्यांनी. चिंतेची लक्षणं जाण्यापूर्वी ३.८ टक्के लोकांत होती, परतल्यावर ११.८ टक्क्यांत, आणि काही महिन्यांनी ७.८ टक्क्यांत. म्हणजे चढली आणि उतरायला लागली. नैराश्याची गोष्ट वेगळी निघाली. १०.४ वरून १९.५, आणि काही महिन्यांनी २०.१. घरी येऊन, विश्रांती घेऊन, आपल्या माणसांत राहूनही तो आकडा खाली आला नाही. 'घरी गेलास की बरं वाटेल' हे वाक्य निरोप देताना सर्रास म्हटलं जातं. नैराश्याच्या बाबतीत ते निदान या २१२ जणांपुरतं तरी खोटं ठरलं.

याहून मोठे आकडेही आहेत. २०१५ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राने मदत कर्मचाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या ७५४ जणांपैकी ७९ टक्क्यांनी मानसिक आरोग्याच्या तक्रारी अनुभवल्याचं सांगितलं. पण ज्याला दुखतं तोच अशी प्रश्नावली उत्साहाने भरतो, त्यामुळे हा आकडा मी कुणाच्या तोंडावर फेकणार नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी आपल्याच कर्मचाऱ्यांची पाहणी केली. १७ हजारांहून अधिक जणांनी उत्तरं दिली आणि जवळपास निम्म्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या मानसिक त्रासाची लक्षणं दिसली. तीही स्वेच्छेने भरलेली प्रश्नावली. तरीसुद्धा 'निम्मे' हा शब्द सहज गिळता येत नाही.

पुन्हा त्या २१२ जणांकडे येतो, कारण त्यात आणखी एक गोष्ट दिसली. नैराश्याशी जास्त जोडलेला होता तो रोजचा, चिवट ताण. अंगावर कोसळणारे मोठे प्रसंग तेवढे नव्हते. एका खोलीत पाच जण, दाराला कडी नाही. दर दोन महिन्यांनी बदलणारा साहेब. रात्री अकराला आलेला ईमेल, ज्याचं उत्तर सकाळी सहाच्या आत हवं. संचारबंदीमुळे संध्याकाळी पाचनंतर त्याच भिंती. आणि या सगळ्यात माणसाला तारून नेणारी गोष्ट आढळली ती आजूबाजूच्या माणसांचा आधार.

घरी परतल्यावर नेमकं काय होतं ते आता पाहा. ताण देणारी गोष्ट मागे राहते हे खरं, पण तो सोसायला मदत करणारी माणसंही मागे राहतात. सात महिने ज्यांच्याबरोबर एका भांड्यातलं पाणी प्यायलं, ज्यांना अर्धं वाक्य बोललं तरी पुरत होतं, ती माणसं विमानतळावर पांगतात. एक दुसऱ्या खंडात, एक पुढच्या मोहिमेवर. उरलेला घरी येतो. तिथे सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम असतं आणि कुणालाच काही ठाऊक नसतं. 'कसं होतं रे तिकडे?' हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो, पण त्याला तीन मिनिटांचं उत्तर चालतं. चौथ्या मिनिटाला विचारणाऱ्याची नजर हलते. परतलेला माणूस हे फार लवकर शिकतो. मग तो एक ठरावीक किस्सा तयार ठेवतो, थोडा गमतीचा, थोडा हळवा, आणि सगळीकडे तोच सांगतो.

शिवाय कौतुक असतं. 'देवमाणूस आहेस बाबा तू.' या शब्दाची मला धास्ती वाटते. देवमाणसाला झोप न येण्याची मुभा नसते. क्षुल्लक कारणावरून बायकोवर ओरडण्याचीही नसते. हा शब्द समोरच्याला एका पायरीवर नेऊन बसवतो आणि तिथून खाली उतरून 'मला काही सुचत नाही' असं म्हणणं त्याला अवघड करून टाकतो. आपल्या भाषेने या कामाला 'सेवा' म्हटलं, 'व्रत' म्हटलं. व्रत घेतलेल्याने उपवासाची तक्रार करायची नसते. आणि ज्यांना कौतुक करायचं नसतं त्यांच्यासाठी दुसरं टोक तयारच आहे: लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितलं होतं? व्रत काय किंवा भाकऱ्या काय, दोन्हींत हिशेब एकच निघतो. काम तुम्ही आपल्या हौसेने केलंत, तर भोगाही आपले आपण. 'नोकरी' हा साधा, रूक्ष शब्द यापेक्षा कितीतरी माणुसकीचा आहे. नोकरीत इजा झाली तर भरपाई मागता येते.

इथे एक फरक केला पाहिजे. भीती ही एक जखम. दुसरी जखम, आपण जे केलं किंवा जे करू शकलो नाही ते आपल्याच विवेकाला न पटण्याची. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ही दुसरी जखम ओळखून तिला नाव दिलं, आणि २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी ती कल्पना नीट मांडली. मराठीत तिला नैतिक इजा म्हणू. मदतकार्यात तिला भरपूर जागा आहे. १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो लोक सीमा ओलांडून झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा भागात गेले. जुलैमध्ये तिथे कॉलऱ्याने हजारोंचे बळी घेतले. डॉक्टर, नर्स, पाण्याचे इंजिनिअर धावून गेले. आणि मग हळूहळू उलगडत गेलं की या छावण्यांचा ताबा वंशसंहार घडवणाऱ्यांच्याच हातात आहे, वाटलेलं धान्य त्यांच्यामार्फत जातंय, त्या धान्यावर त्यांची सत्ता उभी राहतेय. त्या नोव्हेंबरमध्ये मेदसाँ साँ फ्रांतिएर या डॉक्टरांच्या मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेने झाईरच्या छावण्यांतून काढता पाय घेतला. इतर बऱ्याच संस्था थांबल्या. थांबलेल्यांनी मारेकऱ्यांना पोसलं, निघालेल्यांनी आजारी मुलांना मागे टाकलं. यातून कुणीही 'मी बरोबर केलं' असं म्हणत घरी गेलं असेल असं मला वाटत नाही. आणि ही गोष्ट घरी कुणाला सांगायची? ऐकणारा फार तर म्हणेल, 'तू तुझं काम केलंस.' तेच तर बोचत असतं.

अलीकडचं उदाहरण बंदुकीशिवायचं आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं, आणि १ जुलैला यूएसएडचं कामकाज परराष्ट्र खात्यात विलीन झालं. जगभरातल्या हजारो कर्मचाऱ्यांना काम अर्धवट टाकून उठावं लागलं. रुग्णांच्या याद्या कुणाच्या हाती द्यायच्या हेही ठरलं नव्हतं. ज्याला निरोप घेता आला नाही आणि काम सोपवता आलं नाही, त्याचं परतणं नुसत्या विमानाच्या तिकिटाने पुरं होत नाही. त्याच्यासाठी शेवटचा तो कागदसुद्धा नव्हता, कारण सही करणाऱ्यांच्याही नोकऱ्या त्याच आठवड्यात जात होत्या.

सैनिकाशी तुलना केली की हा प्रश्न अधिक उघडा पडतो. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर, २००० मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एका बागेतल्या बाकाखाली दारू आणि औषधांच्या अमलात पडलेले सापडले. रवांडाला तोवर सहा वर्षं झाली होती. पुढे त्यांनी आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलून असंख्य सैनिकांची वाट सोपी केली. पण मला इथे दुसरीच गोष्ट नोंदवायची आहे. माजी सैनिकासाठी सरकारचं एक खातं असतं. ते अपुरं असेल, उर्मट असेल, फायली दाबून ठेवणारं असेल, तरी सहा वर्षांनी ज्याचं दार ठोठावता येईल असं दार असतं. त्याच देशात, त्याच महिन्यात, त्याच प्रेतांच्या ढिगांतून वाट काढणाऱ्या मदत कर्मचाऱ्याला सहा वर्षांनी कुठलं दार होतं? करार संपला होता. विमा करारासोबत संपला होता. तेव्हाचा साहेब दुसऱ्याच संस्थेत गेला होता.

आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आलं. त्याचा एक प्रकार असा आहे की पूर्ण लक्षणं प्रसंगानंतर सहा महिने उलटल्यावरच दिसू लागतात. वैद्यकाला हे मान्य आहे. संस्थांचे करार मात्र असे लिहिलेले असतात, जणू दुखणं विमानातून उतरताना सामानाच्या पट्ट्यावरच दिसलं पाहिजे, नाहीतर ते आमचं नव्हे.

उशिरा बोलणाऱ्या दुखण्याचं काय करायचं हा काही नवा प्रश्न नाही. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ बसते. खाण सोडून दहा वर्षं झाल्यावर दम लागायला लागतो. मालक म्हणायचे, हा आता आमचा कामगार नाही, शिवाय विड्या ओढत असेल. कामगारांना या उत्तराशी फार वर्षं झगडावं लागलं. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात सिलिकोसिस हा भरपाईस पात्र व्यावसायिक आजार म्हणून दाखल झाला. तत्त्व साधं होतं: आजार केव्हा दिसला याला महत्त्व नाही, धूळ कुठे गेली याला आहे. त्याच संघटनेने २०१० मध्ये आपली व्यावसायिक आजारांची यादी सुधारली तेव्हा त्यात मानसिक विकारांचा वेगळा भाग आला आणि त्यात पीटीएसडीचं नाव आलं. म्हणजे मी काही अचाट मागणी करतोय असं नाही. खाणकामगाराला जे मान्य झालं ते छावणीतल्या कामगाराला लागू करा, एवढंच.

न्यायालयाने हे एकदा लागू करून दाखवलंही आहे. २०१२ च्या जूनमध्ये केनियातल्या दादाब इथल्या निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलच्या ताफ्यावर हल्ला झाला. एक चालक मारला गेला, चार परदेशी कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं आणि चार दिवसांनी सोमालियातून त्यांची सुटका झाली. त्यांपैकी स्टीव्ह डेनिस यांनी पुढे आपल्याच संस्थेवर दावा लावला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ओस्लोच्या न्यायालयाने संस्थेचा घोर निष्काळजीपणा झाल्याचा निकाल दिला आणि सुमारे ४४ लाख नॉर्वेजियन क्रोन भरपाई ठरवली. त्यात मानसिक इजाही धरली होती. या निकालानंतर मदतसंस्थांच्या वर्तुळात बरीच धावपळ झाली. सुरक्षेची धोरणं पुन्हा लिहिली गेली, प्रशिक्षणं वाढली. चांगलंच झालं. पण धावपळ मुख्यतः पुढच्या हल्ल्याची जबाबदारी कशी टाळता येईल याची होती. ज्याच्यावर कधी हल्लाच झाला नाही, जो नुसता सात महिने दंड मोजत होता, त्याच्यासाठी त्या निकालातून फारसं काही झिरपलं नाही.

आता कुणी म्हणेल, मग परतलेल्या प्रत्येकाला समुपदेशकासमोर बसवा आणि बोलतं करा. हा प्रयोग होऊन गेलाय. १९८३ पासून अमेरिकेतल्या जेफ्री मिचेल यांची 'डीब्रीफिंग'ची पद्धत रुजली: प्रसंगानंतर लवकरात लवकर लोकांना जमवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने वदवून घ्यायचं. पुढे वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आघातातून गेलेल्यांसाठीच्या एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगचे पुरावे तपासले गेले. पीटीएसडी टाळायला त्याचा उपयोग दिसला नाही, काहींना तर अपाय झाल्याची चिन्हं होती. जखम ओली असताना तिची खपली काढून पाहण्याचा तो प्रकार. म्हणून कागदावरच्या त्या ओळीत 'माहिती दिली'च्या जागी 'सक्तीने बोलतं केलं' असं लिहून भागणार नाही. त्यातून फार तर संस्थेचं समाधान होईल.

काय करायला हवं हे खरं तर लिहून ठेवलेलं आहे. मानवतावादी संस्थांच्या सामाईक समितीने, म्हणजे इंटर-एजन्सी स्टँडिंग कमिटीने, २००७ मध्ये आणीबाणीतल्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्वतःच्या कर्मचाऱ्यांविषयी एक प्रकरण आहे. गंभीर प्रसंगातून वाचलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याशी एक ते तीन महिन्यांनी मानसिक आरोग्यतज्ज्ञाने आपणहून संपर्क साधावा, असं ते सांगतं, आणि त्यात दुभाषे, चालक, स्वयंसेवक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नेदरलँड्सच्या अँटारिस फाउंडेशनच्या सूचनांमध्ये आठ तत्त्वं आहेत, त्यातलं आठवं मोहीम संपल्यानंतरच्या आधाराबद्दलचं. हे दस्तऐवज संस्थांच्या कपाटांत आहेत, कार्यशाळांच्या स्लाइडवर आहेत. 'आपणहून संपर्क साधावा' या तीन शब्दांत सगळं काही आहे. खचलेला माणूस फोन करत नाही. फोन न करणं हेच त्याच्या खचण्याचं लक्षण असतं. त्याला तिसऱ्या महिन्यात आणि पुन्हा नवव्या महिन्यात फोन आला पाहिजे, त्याने मागितला नसतानाही. तो उचलायचा की नाही, बोलायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं.

पैशांचा मुद्दा येणारच. देणगीदाराला आपला पैसा उपाशी मुलापर्यंत पोचायला हवा असतो, परतलेल्या गोऱ्या-गोमट्या इंजिनिअरच्या थेरपीवर नको. ही भावना मला समजते, आणि ती पुष्कळशी परतलेल्यांच्याही मनात असते: 'ज्यांचं सगळं गेलं ते तंबूत राहतायत, आणि मी माझ्या निद्रानाशाचं काय घेऊन बसलोय?' पण दुःखाची अशी मापं काढत बसलं तर जगात एकाच माणसाला रडायचा हक्क उरेल. देणगीदारांनी 'प्रशासकीय खर्च किती टक्के?' हा एकच प्रश्न इतकी वर्षं इतक्या करड्या नजरेने विचारला की संस्थांनी कापता येईल ते सगळं कापलं, आणि सर्वांत आधी ते कापलं ज्याबद्दल कुणी तक्रार करणार नव्हतं. निर्जंतुक हातमोज्यांचा खर्च कुणी 'प्रशासकीय' म्हणत नाही. तो कामाचा भाग. मोहीम संपल्यानंतर दोन वर्षांचा मानसिक उपचाराचा विमा हाही त्याच रकान्यात, त्याच प्रस्तावात, सुरुवातीपासून लिहिला गेला पाहिजे. परतल्यावर कुणी दयाबुद्धीने निधी शोधत बसला तर तो कधीच सापडत नाही.

'बहुतेक लोक बरेच होतात' हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो खराही आहे. २१२ जणांच्या त्याच अभ्यासात ८० टक्के लोकांना नैराश्याची लक्षणं नव्हती. अनेकांना हे काम आयुष्यातलं सर्वांत अर्थपूर्ण काम वाटतं, ते अधिक शहाणे आणि शांत होऊन येतात. परतलेल्या प्रत्येकाकडे रुग्ण म्हणून पाहणं हाही एक अपमानच आहे. पण खाणीतल्या प्रत्येकालाही सिलिकोसिस होत नाही. तरी छातीचा एक्स-रे सगळ्यांचा काढतात.

मी स्वतः या लेखात आतापर्यंत एक चूक करत आलोय. 'घरी परतलेला' म्हणताना मी सतत विमानाने परतणाऱ्याचा विचार केला. जगातल्या मदत कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक ज्या देशात काम करतात त्याच देशाचे असतात. २०२४ मध्ये ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. त्यातले १८१ गाझामध्ये आणि ६० सुदानमध्ये. मरणाऱ्यांत दरवर्षी प्रचंड बहुसंख्या स्थानिकांचीच असते. दिवसभर दुसऱ्यांच्या पडलेल्या घरांची नोंद करून स्थानिक कर्मचारी संध्याकाळी परततो तो आपल्या पडलेल्या घरी. त्याचं परतणं रोजचं असतं आणि ते कधीच पुरं होत नाही. परदेशी सहकाऱ्याला काही आठवड्यांनी सक्तीची विश्रांती-रजा मिळते, विमानाचं भाडंही बरेचदा संस्था देते. स्थानिकाला ती बहुतेक ठिकाणी मिळत नाही, कारण 'तो तर घरीच आहे'. परतलेल्या परदेशी कर्मचाऱ्याचं दुखणं निदान अभ्यासाचा विषय तरी झालं. दुभाष्याचं दुखणं बघा. निर्वासित बाईची कहाणी तो प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो, दिवसातून आठ वेळा: 'मी पळाले', 'माझ्या मुलाला त्यांनी'. भाषांतराचा तो नियमच आहे. संध्याकाळी त्याच्या तोंडात ते 'मी' उरतं.

आणि शेवटी एक अडचण, जी पैशाने सुटत नाही. ज्या संस्थेला आपण 'मला झोप लागत नाही' असं सांगायचं, तीच संस्था पुढच्या मोहिमेवर कुणाला पाठवायचं हे ठरवते. पुढची मोहीम म्हणजे पुढचा पगार. त्याहून अधिक म्हणजे, पुढची मोहीम ही अनेकांना एकमेव अशी जागा वाटते जिथे आपण पुन्हा नीट काम करू लागू. म्हणून विचारलं की सगळे 'मजेत' म्हणतात. तपासणारा आणि नेमणारा एकाच छपराखाली असेतोवर खरं उत्तर येणार नाही. काही संस्थांनी स्वतः मोहिमा करून आलेल्या माजी सहकाऱ्यांचं जाळं उभं केलंय. त्यांना काही लिहून ठेवायचं नसतं, वर काही कळवायचं नसतं. ते फोन करतात, चहा घेतात, ऐकतात, गरज वाटली तर चांगल्या डॉक्टरचा नंबर देतात. महागडी गोष्ट नव्हे ही. फक्त ती मनुष्यबळ विभागाच्या फायलीबाहेर असावी लागते, आणि संस्थांना आपल्या फायलीबाहेरच्या गोष्टींचं वावडं असतं.

त्या नर्सला संस्थेकडून फोन आला तो आठव्या महिन्यात. पुढच्या मोहिमेसाठी मोकळी आहे का, एवढंच विचारायला. ती लगेच हो म्हणाली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथे मला झोप लागते." निघण्यापूर्वी रीतसर वैद्यकीय तपासणी झाली: रक्त, लघवी, लशींच्या तारखा, छातीचा एक्स-रे. अर्जात झोपेबद्दलही एक प्रश्न होता. तिने पुढे लिहिलं, 'उत्तम'.